उमेदवारीचा पहिला दिवस

आपल्या मराठीत ‘उमेदवार’ हा मोठा गमतीचा शब्द आहे. निवडणुकीला उभा राहिलेला गृहस्थ उमेदवार, आणि एखाद्या वकिलाच्या, वैद्याच्या किंवा छापखानेवाल्याच्या हाताखाली काम शिकण्यासाठी राहिलेला तरुणही उमेदवारच. पहिल्याला सभागृहात जाऊन बसायचे असते, दुसऱ्याला खाली मान घालून विद्या मिळवायची असते. दोघांचीही भिस्त असते ती उमेदीवर. हल्ली ज्याला ‘इंटर्नशिप’ म्हणतात त्याला आपल्या वडीलधाऱ्यांनी बिनदिक्कत ‘उमेदवारी’ म्हटले असते. आणि ती उमेदवारी एखाद्या विधिमंडळातच करावयाची असेल, तर या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच छताखाली नांदू लागतात.

गोमंतकातील मुले परदेशी जातात ही काही नवलाईची गोष्ट नव्हे. पूर्वी ती बोटीवर गेली, आखाती देशांत गेली, डॉक्टर आणि इंजिनिअर होऊन गेली. आता कायदा, राज्यशास्त्र, लोकप्रशासन, पर्यावरण असे विषय घेऊन जाणारी मुलेमुलीही दिसू लागली आहेत. त्यांच्यापैकी कुणी घरी कळविते, की आपल्याला तिकडच्या एका प्रांतिक संसदेत तीन महिने काम करण्याची संधी मिळाली आहे. घरात आनंद होतो आणि पाठोपाठ प्रश्नही येतो : तिथे जाऊन ही करणार काय? फायली उचलणार? साहेबांचा चहा आणणार? आणि त्याचा पुढे उपयोग कोणता?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांसाठी आम्ही हे लिहीत आहोत. आपण अशी एक विद्यार्थिनी कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. तिला नाव नको, कारण ती आपल्यापैकी कुणाच्याही घरची असू शकेल. गाव मात्र हवे, आणि ते आम्ही मुद्दाम सुर्ला निवडले आहे. तिच्या उमेदवारीचे ठिकाण म्हणून वेल्स देशाच्या राजधानीतील, कार्डिफ येथील ‘सेनेड’ हे विधिमंडळ घेतले आहे. सुर्ल्याचा आणि कार्डिफचा काय संबंध, असे वाचक विचारतील. तो संबंध आहे, आणि तोच या लेखाचा गाभा आहे.

गावाची सभा आणि राज्याची सभा

सत्तरीत चोर्ला घाटाजवळ सुर्ला नावाचे एक गाव आहे, ते हे नव्हे. आम्ही म्हणतो ते डिचोली तालुक्यातले, पाळी, वेळगे, आमोणे यांच्या शेजारचे सुर्ला. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. पेडणे तर १७८८ साली. म्हणून या भागाला ‘नव्या काबिजादी’ असे नाव पडले. सक्तीच्या धर्मांतराचा काळ तोवर मागे पडला होता, त्यामुळे इथली देवळे राहिली, पोथ्या राहिल्या, कीर्तने-भजने राहिली आणि खासगी शाळांतून मुले मराठी अक्षरे गिरवीत राहिली.

भाषा राहिली, पण राज्यकारभारात आवाज कुठे होता? गोव्यातून लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी निवडून देण्याची प्रथा १८२२ पासून सुरू झाली खरी. परंतु हिंदू समाजाला बरोबरीचे नागरी हक्क मिळण्यासाठी पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक यावे लागले. पुढे सालाझारची हुकूमशाही आली आणि ती दारेही मिटली.

सभा म्हणजे काय, हे मात्र गोमंतकीय माणसाला कुणी शिकवावे लागले नाही. गावकरीची संस्था कितीतरी जुनी. गावकर एकत्र बसत, जमिनीचा, बांधांचा, पाण्याचा, देवस्थानाच्या खर्चाचा निर्णय करीत आणि कुळकर्णी तो लिहून ठेवी. तिसवाडीकडील गावकरीच्या चालीरीती पोर्तुगिजांनी १५२६ साली ‘फोराल’ या दस्तऐवजात नोंदवून घेतल्या, तेव्हाच त्या जुन्या समजल्या जात होत्या. माणसांनी बोलावे, एकाने ते लिहावे आणि लिहिलेले सर्वांना बांधील असावे, एवढेच तर कोणत्याही विधिमंडळाचे सार आहे. आमची विद्यार्थिनी कार्डिफला जाईल ती हे मूळ बरोबर घेऊनच.

परक्या सभागृहात गोमंतकीय

परक्या देशाच्या संसदेत गोव्याच्या माणसाने पहिले पाऊल टाकले की त्याच्या मनाची स्थिती काय होत असेल, याचे एक फार चांगले उदाहरण आपल्या इतिहासात आहे. नावेली येथे १८२९ साली जन्मलेले डॉ. फ्रांसिस्कु लुईश गोमिश हे गोव्याचे प्रतिनिधी म्हणून १८६१ साली लिस्बनच्या संसदेत दाखल झाले. वय जेमतेम एकतीस. समुद्रापलीकडच्या प्रांतांना येथे प्रतिनिधी हवेतच कशाला, असा सूर त्या सभागृहात निघत होता. नवख्या माणसाने अशा वेळी गप्प बसावे, हे व्यवहाराला धरून झाले असते. गोमिश गप्प बसले नाहीत. त्यांनी आपल्या आरंभीच्याच भाषणात प्रांतांच्या प्रतिनिधित्वाच्या हक्काची बाजू मांडली, आणि तीही अभ्यासाने, आकड्यांनी, इतिहासाच्या दाखल्यांनी. १८६९ साली मायदेशी परतताना समुद्रावरच त्यांचा अंत झाला. त्यांचा धर्म, त्यांची भाषा आपल्याहून निराळी होती. पण परक्या सभागृहात आपल्या मातीचा प्रश्न मांडायचा तो अभ्यासाच्या बळावर मांडायचा, हा धडा सर्व गोमंतकीयांचा आहे.

जेव्हा सारे सभागृहच उमेदवार होते

पहिल्या दिवसाचे दडपण एकट्या विद्यार्थ्यालाच येते असे नाही. गोव्याच्या इतिहासात एक दिवस असा उगवला, की त्या दिवशी सभागृहातील जवळजवळ प्रत्येकजण उमेदवार होता. तो दिवस ९ जानेवारी १९६४.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. ९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. सभागृह तीस सदस्यांचे : गोव्याचे अठ्ठावीस, दमणचा एक, दीवचा एक. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या बाजूला सोळा, युनायटेड गोवन्स पक्षाचे बारा. २० डिसेंबर रोजी भाऊसाहेब बांदोडकर यांचे मंत्रिमंडळ आले आणि पुढच्याच महिन्यात, मांडवीच्या काठावरील आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात, विधानसभेची पहिली बैठक भरली. ज्या वास्तूत पोर्तुगीज व्हाइसरॉय राहून गेले, त्याच वास्तूत आता खाणमालक, वकील, शिक्षक, शेतकरी असे लोक लोकांच्या मतांवर निवडून येऊन बसले. सभापतिपदी पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर, पोर्तुगीज राजवटीत तुरुंगवास भोगलेले स्वातंत्र्यसैनिक. समोर विरोधी पक्षनेते डॉ. जॅक सिक्वेरा.

आता क्षणभर त्या बाकांवरच्या माणसांच्या जागी आपण स्वतःला कल्पावे. त्यांच्या वाडवडिलांपैकी कुणीही अशा सभागृहात बसलेला नव्हता. तारांकित प्रश्न म्हणजे काय, पुरवणी प्रश्न किती विचारावेत, सभापती उभे राहिले की आपण बसावे, ‘पटलावर ठेवणे’ म्हणजे नेमके काय ठेवणे, हे सारे त्यांना काम करता करताच शिकावे लागले. वर्षानुवर्षे सभा भरविण्यास बंदी असलेल्या प्रदेशात बोलणे हेच आता काम झाले होते. आणि त्या सभागृहात मराठी भाषणे घुमली. सुर्ल्याच्या किंवा पेडण्याच्या माणसाला आपल्या घरची भाषा सरकारच्या दारी ऐकू येण्याचा तो पहिला काळ. पुढे कित्येक वर्षे ९ जानेवारी हा दिवस गोव्यात ‘आमदार दिन’ म्हणून पाळला जात आला, तो याच आठवणीने.

तेव्हा ज्या मुलीला पहिल्या दिवशी धडधडेल तिला आम्ही एवढेच सांगू, की बाई, ज्यांनी आपले राज्य चालवून दाखविले त्यांचाही एक पहिला दिवस होता.

वेल्सचे सभागृह

आता कार्डिफकडे वळू. वेल्स हा ग्रेट ब्रिटनचा पश्चिमेकडील छोटा, डोंगराळ देश. शेकडो वर्षे त्याचा कारभार लंडनमधून चालला. स्वतःची विधानसभा हवी की नको, यावर १८ सप्टेंबर १९९७ रोजी तेथे जनमत घेण्यात आले आणि होकार मिळाला तो अवघ्या ६,७२१ मतांच्या फरकाने. गोमंतकीय वाचकाला इथे लगेच १६ जानेवारी १९६७ चा आपला जनमत कौल आठवेल. ‘फूल’ की ‘दोन पाने’? महाराष्ट्रात विलीनीकरण की स्वतंत्र अस्तित्व? १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०, म्हणजे ३४,०२१ मतांनी गोवा स्वतंत्र राहिला. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत फुलाला भरभरून मते पडली होती. त्या निकालाचे शल्य कित्येक मराठी घरांत दीर्घकाळ राहिले आणि कित्येक घरांत समाधानही राहिले. येथे तो वाद उकरून काढण्याचे कारण नाही. सांगायचे ते इतकेच, की निकाल थोडक्यात लागला तरी हरलेल्यांनी आणि जिंकलेल्यांनी एकाच सभागृहात बसून काम चालवायचे असते, हे गोव्यालाही शिकावे लागले आणि वेल्सलाही.

वेल्सची विधानसभा मे १९९९ मध्ये सुरू झाली. आजची इमारत १ मार्च २००६ रोजी उघडली. सदस्य आरंभी साठ. मे २०२६ च्या निवडणुकीपासून ते शहाण्णव करण्याचा कायदा २०२४ साली झाला. २००३ च्या निवडणुकीत तिथे साठापैकी बरोबर तीस स्त्रिया निवडून आल्या होत्या, हे आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

उमेदवारीची सोयही रीतसर आहे. ब्रिटनमधील संशोधन परिषदांच्या आर्थिक साहाय्यावर पीएच. डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना तीन महिन्यांसाठी अशा विधिमंडळांच्या संशोधन विभागांत काम करता येते. कार्डिफला येते, तसे एडिंबरोच्या स्कॉटिश संसदेतही येते.

आपली विद्यार्थिनी पहिल्या दिवशी त्या इमारतीसमोर उभी राहील तेव्हा तिला दिसेल काच. समोरची भिंत काचेची, आतले दालन बाहेरून दिसणारे. दारात विमानतळासारखी तपासणी होईल, गळ्यात ओळखपत्र येईल. पायाखाली वेल्सच्याच खाणींतली काळी पाटी, माथ्यावर लाकडाचे लाटांसारखे छत. ते छत मध्यभागी एखाद्या प्रचंड नरसाळ्यासारखे खाली उतरते आणि त्याच्या बरोबर खाली सभागृह. वरच्या मजल्यावर उभे राहिले, की सामान्य नागरिकाला काचेतून खाली बसलेले लोकप्रतिनिधी दिसतात. राजा वर आणि प्रजा खाली, ही जुनी रचना वास्तुकाराने उलटी करून टाकली आहे.

मंगळवारी आणि बुधवारी दुपारी सभागृहाची बैठक भरते. मंगळवारचा आरंभ मुख्यमंत्र्यांना विचारलेल्या प्रश्नांनी होतो. पण आपल्या मुलीचे काम बहुतांशी सभागृहाबाहेर, संशोधन विभागाच्या टेबलाशी. ते काम म्हणजे टिपण तयार करणे. एखादा सदस्य विचारतो, की अमुक विधेयकाने माझ्या मतदारसंघातल्या शेतकऱ्यावर काय परिणाम होईल? त्याला पुस्तकभर उत्तर नको असते. दोन पानांत, सोप्या भाषेत, खरे तेवढेच हवे असते. आणि ते टिपण सत्ताधाऱ्याला जसे द्यायचे तसेच विरोधकाला द्यायचे. त्यात स्वतःचे मत घालायचे नाही. कोणी काय विचारले, ते बाहेर बोलायचे नाही. विद्यापीठात ज्ञान मिळविले, इथे संयम शिकायचा. आमच्या मते फायली उचलण्यापेक्षा हे काम फार अवघड आहे.

सुर्ला आणि अबरवॅन

आणि समजा, तिच्या टेबलावर पहिल्याच दिवशी जो विषय येऊन पडला, त्याचे नाव आहे : खाणींचे डंप.

वेल्स हा कोळशाचा देश होता. खाणीतून निघालेली माती, दगड, चुरा गावांच्या माथ्यावर, डोंगरउतारांवर रचून ठेवीत. कार्डिफच्या उत्तरेला अबरवॅन नावाचे खेडे आहे. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी, शाळा नुकतीच भरलेली असताना, गावावरच्या डोंगरावरील असाच एक ढीग पाण्याने भिजून कोसळला आणि शाळेवर येऊन आदळला. १४४ माणसे दगावली. त्यांत ११६ मुले होती. ढिगाविषयी गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. चौकशीत दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवण्यात आला. आणि तरीही, उरलेले ढीग हटविण्याच्या खर्चापोटी दीड लाख पौंड त्या गावासाठी जगभरातून जमलेल्या मदतनिधीतूनच घेण्यात आले. ती रक्कम लंडनच्या सरकारने परत केली १९९७ साली, तीही व्याजाशिवाय. कार्डिफच्या सरकारने २००७ साली वीस लाख पौंड देऊन तो अन्याय काहीसा धुऊन काढला. दुःख कळायला सभागृह जवळ असावे लागते, ते असे.

गोष्ट तिथेही संपली नाही. फेब्रुवारी २०२० च्या वादळी पावसात टायलर्सटाउन येथे साठ हजार टनांच्या आसपास कोळशाचा चुरा दरीत घसरला. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. मग मोजणी झाली, आणि वेल्समध्ये बंद पडलेल्या कोळसाखाणींचे अडीच हजारांहून अधिक ढीग आहेत, असे आढळले. १९६९ चा जुना कायदा होता, पण तो चालू खाणींचा काळ डोळ्यांसमोर ठेवून केलेला. बंद ढिगांवर सतत नजर कुणी ठेवायची, हे नीट ठरलेच नव्हते. अखेर सेनेडने २०२५ साली बंद खाणींच्या ढिगांविषयीचा स्वतंत्र कायदा केला आणि त्यांची नोंद, तपासणी आणि देखभाल यांसाठी वेगळे प्राधिकरण नेमण्याचे ठरविले. अबरवॅनपासून या कायद्यापर्यंत एकोणसाठ वर्षे लागली.

हे टिपण वाचणारी मुलगी सुर्ल्याची असेल, तर तिला या कागदाचे भाषांतर करावे लागणार नाही. डिचोली तालुक्यात लहानाचे मोठे झालेल्या माणसाला डंप म्हणजे काय हे ठाऊक असते. गोव्यातल्या खाणीत एक टन लोहखनिज मिळवायचे तर दोन-तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात. ते कुठे जातात? गावाच्या कडेला डोंगर होऊन बसतात. आषाढात मुसळधार पाऊस लागला की त्यांची तांबडी माती ओहोळांतून शेतांत उतरते, गाळाने वाफे भरतात, विहिरींचे पाणी लाल होते. उन्हाळ्यात ट्रकांची रांग आणि झाडांच्या पानांवर धुळीचा थर.

आणि या चित्राची दुसरी बाजूही तिला ठाऊक असते, कारण ती घरात जगलेली असते. खाणीने पोट भरले. ट्रक घेतले, मांडवीतून बार्ज चालले, मुले शिकली. मग १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, आणि ५ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. काही वर्षांनी काम पुन्हा सुरू झाले, तोच ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून यंत्रे पुन्हा थांबली. खाणपट्ट्यात दारापुढे उभा असलेला ट्रक आणि डोक्यावर असलेले बँकेचे कर्ज, यांचे नाते कोणत्याही पुस्तकात वाचावे लागत नाही. पुढे लिलाव झाले, तालुक्यात काही ठिकाणी खाणकाम परत आले. पण दूरच्या एका सभागृहातला किंवा न्यायालयातला कागद आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो, हा अनुभव या भागाने घेतला तो कायमचा.

म्हणूनच आम्ही म्हणतो, की अशा मुलीची उमेदवारी ही तिच्या एकटीची बढती नव्हे. कोसळलेल्या ढिगाचा कायदा होईपर्यंत वाट कशी चालावी लागते, तक्रार कुठे नोंदवावी लागते, समितीसमोर साक्ष कशी होते, खर्च कुणी सोसायचा हे विधेयकात कोणत्या कलमाने बांधले जाते, ही विद्या ती शिकून येईल. आणि ही विद्या आपल्याकडे हवी आहे. दुर्घटना होण्याआधी हवी आहे.

दोन भाषांचे घर

आणखी एक गोष्ट तिला तिथे दिसेल, ती भाषेची. वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्श बोलता येणारे लोक सुमारे ५,३८,००० म्हणजे शेकडा अठराहूनही किंचित कमी. तरीही सेनेडमध्ये वेल्श आणि इंग्रजी या दोन्ही भाषांना बरोबरीचा मान आहे. सदस्याने वाटेल त्या भाषेत बोलावे. वेल्श न समजणाऱ्याने कानाला यंत्र लावावे, की भाषांतर ऐकू येते. सभागृहाचे कार्यवृत्त दोन्ही भाषांत प्रसिद्ध होते. बोलणाऱ्याने ओशाळायचे नाही आणि ऐकणाऱ्याने कपाळाला आठ्या घालायच्या नाहीत, इतका साधा हा रिवाज.

गोव्यात राजभाषेचा प्रश्न आपण ज्या कडवटपणाने लढलो, त्याच्या आठवणी दोन्ही बाजूंच्या घरांत आहेत. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक मंजूर झाले. देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा शासकीय कामासाठी वापर करण्याची तरतूद राहिली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झाले आणि विधानसभा चाळीस सदस्यांची झाली. सुर्ल्याच्या मुलीच्या जिभेवर या दोन्ही भाषा असतात. घरात कोकणी, देवळातल्या कीर्तनात मराठी, शाळेत मराठी आणि नंतर इंग्रजी. दोन भाषा बोलणाऱ्याला दोन निष्ठा असतात असा संशय घेण्याऐवजी त्याच्या कानाला एक यंत्र द्यावे, हा कार्डिफचा तोडगा तिने डोळ्यांनी पाहावा आणि परत येऊन सांगावा, अशी आमची इच्छा आहे.

तयारी घरापासून

परदेशी जाण्याची संधी सर्वांनाच मिळणार नाही, आणि मिळेल त्यांनीही तिथे रिकाम्या हातांनी जाऊ नये. उमेदवारीचे पहिले पाठ गावातच आहेत. १९९४ च्या पंचायतराज कायद्याने ग्रामसभा दिली आहे. तिथे बसून कोण काय बोलले ते मुलांनी वहीत लिहून काढावे. पुढच्या सभेत मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले जाते तेव्हा आपली वही उघडून ताडून पाहावे. जो फरक दिसेल तोच राज्यशास्त्राचा पहिला धडा.

मग पर्वरीला जावे. २००० सालापासून विधानसभा आदिलशहाच्या राजवाड्यातून मांडवीपलीकडच्या त्या टेकडीवर गेली आहे. अधिवेशन चालू असताना प्रवेशपत्र घेऊन प्रेक्षकांच्या सज्जात बसावे. भाषणांपेक्षा प्रश्नोत्तरांचा तास लक्ष देऊन ऐकावा. आमदारांचे लेखी प्रश्न आणि सरकारची लेखी उत्तरे उपलब्ध असतात. आपल्या तालुक्याविषयीची तेवढी वेचून काढली, तरी महिनाभराचा अभ्यास होतो. महाराष्ट्रात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरतो. दिल्लीत तरुण पदवीधरांना खासदारांच्या हाताखाली वर्षभराच्या आसपास संशोधनसाहाय्य करण्याची ‘लॅम्प’ नावाची पाठ्यवृत्ती २०१० च्या सुमारापासून सुरू झाली. या वाटा आपल्या मुलांना ठाऊक असाव्यात.

आईवडिलांना आमची एक विनंती आहे. मुलीने कार्डिफहून किंवा एडिंबरोहून फोन केला, तर जेवलीस का, थंडी किती आहे, हे जरूर विचारावे. ते आपल्याकडून सुटणारही नाही. पण त्यानंतर आज सभागृहात काय झाले, हेही विचारावे. तिला ते आपल्या भाषेत सांगावे लागेल. ‘प्राधिकरण’, ‘पुरवणी प्रश्न’, ‘साक्ष’, ‘दायित्व’ असे शब्द आठवावे लागतील, आणि नाही आठवले तर डंप, गाळ, बांध, ओहोळ या घरच्या शब्दांत समजावावे लागेल. सभागृहातला विषय आजीला समजेल असा सांगता येणे, ही त्या तीन महिन्यांची खरी परीक्षा आम्ही मानतो. कारण परत आल्यावर तिला ज्यांच्यासाठी टिपण लिहायचे आहे, ती माणसे सुर्ल्याच्या ग्रामसभेत बसलेली असतील, आणि त्यांच्या माथ्यावर पावसाळा येऊन ठेपलेला असेल.